पडल्यावर पुन्हा घोड्यावर: अर्धी मांड कशी शिकायची?

प्रश्न: मी लातूरची, वय 42, शाळेत शिक्षिका आहे. वर्षभरापासून घोडेस्वारी शिकते. मध्यंतरी दौडीत घोडी काळ्या रानात अडखळली आणि मी तिच्या मानेवरून पुढं पडले. फारसं लागलं नाही, पण तेव्हापासून दुडकीला, म्हणजे घोडीच्या हळू पळण्यालासुद्धा, हातपाय गार पडतात. आता सर म्हणतात, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आखूड करा, खोगिरावरून थोडं उठून पुढं झुकायला शिका, त्यानं धीर येईल. मी पडले तीच पुढं. मग पुढं झुकून धीर कसा येणार? शिवाय यंदा माळेगावच्या यात्रेत स्वतःचा घोडा घ्यावा असं मनात आहे. घ्यावा का?

उत्तर: ताई, तुमच्या सरांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धंच सांगितलंय. 'पुढं झुका' हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच तुमच्या डोक्यात बसला. साहजिक आहे.

आधी तुम्ही का पडलात ते बघू. मी तिथं नव्हतो, पण काळ्या रानात अडखळलेल्या घोड्यावरून माणसं कशी पडतात ते अंबाजोगाईच्या आसपास पुष्कळ बघितलंय, त्यावरून सांगतो. घोडं अडखळलं की आधी त्याची मान खाली जाते आणि मग सावरताना ते ती झटक्यात वर घेतं. तोल सांभाळायला त्याच्याकडं मानच असते. त्या क्षणी तुमच्या मुठीत लगाम आवळलेला असला तर घोड्याला मान मोकळी मिळत नाही. एका पावलात निभावलं असतं ते दोन-तीन पावलं लांबतं. तेवढ्यात खाली गेलेली मान लगामाबरोबर तुम्हालाही खेचते. त्यात भीतीनं गुडघे आवळलेले, टाचा वर आलेल्या, पोटऱ्या मागं सरकलेल्या. मग सगळं शरीर गुडघ्याभोवती फिरतं आणि डोकं पुढं जातं.

म्हणजे पडण्याच्या क्षणी तुमच्या खाली तुमचे पाय नव्हते. अर्धी मांड, म्हणजे सर सांगतात ती खोगिरावरून थोडं उठलेली बैठक, शिकायची ती पाय पुन्हा अंगाखाली आणायला. (आमच्याकडची पोरं तिला हाफ सीट म्हणतात, रेसकोर्सवर काम केलेले लोक टू पॉइंट.)

तुम्ही मोटारसायकलवर मागं बसून खेड्यातल्या रस्त्यानं गेला असालच. मोठा खड्डा दिसला की चालवणारा सीटवरून किंचित उठतो, वजन फूटरेस्टवर घेतो, गुडघे सैल सोडतो. हिसका गुडघ्यात आणि घोट्यात जिरतो, कंबरेपर्यंत येतच नाही. अर्ध्या मांडीत शरीर हेच करतं. घोट्यात, गुडघ्यात आणि खुब्यात हिसका मुरतो, घोड्याच्या पाठीवर तुम्ही आदळत नाही, आणि आदळत नाही म्हणून घोडंही पाठ आखडत नाही. घाबरलेल्या स्वाराचं निम्मं संकट इथंच असतं: तो आदळतो, घोडं पाठ ताठ करतं, त्यामुळं तो आणखी आदळतो, तोल राखायला लगामाला लोंबकळतो, आणि तोंड दुखलं की घोडं पळतं.

ही मांड काही कालपरवाची नाही. फेदेरीको काप्रिल्ली नावाचा इटलीच्या घोडदळातला अधिकारी होता, जन्म 1868 चा, 1907 मध्ये वारला. त्याच्या आधी युरोपात उडी मारताना स्वार लांब रिकिबीत पाय पुढं टाकून मागं रेलायचे आणि घोड्याचं तोंड ओढायचे. त्यानं उलटं केलं. रिकिबी आखूड केल्या, स्वाराला घोड्याच्या हालचालीबरोबर पुढं नेलं, पाठ आणि तोंड दोन्ही मोकळी सोडली. 1902 मध्ये तुरिनला त्यानं याच पद्धतीनं 2.08 मीटर उंच उडी मारून दाखवली. आज उडीच्या स्पर्धांमध्ये जी बैठक दिसते तिचं मूळ तिथं आहे. तुम्हाला उड्या मारायच्या नाहीत हे मला कळतं. पण घोड्याच्या तोंडावर न लोंबकळता तोल धरायचा, एवढंच तर तुम्हालाही हवंय.

आपल्याकडं आणखी एक अडचण असते, ती बोलूनच टाकतो. घोड्यावर कसं बसायचं याचं चित्र आपल्या डोक्यात चौकातल्या पुतळ्यांवरून आलेलं असतं. छाती पुढं, पाय सरळ ताणलेले, एक हात लगामावर. पुतळ्याचा घोडा हलत नाही. हलत्या घोड्यावर पाय ताठ पुढं टाकून बसलं की प्रत्येक हिसका थेट मणक्यात जातो. नव्या स्वाराला आखूड रिकिबीत बसायला लावलं की 'सर, हे शोभत नाही' हे मला हमखास ऐकायला मिळतं. शोभेचं नंतर बघू.

आता घोडा आणि सामान. इथं घाई करू नका, कारण चुकीच्या घोड्यावर ही मांड शिकली तर भीती दुप्पट होईल. मराठवाड्यात शिकायला मिळणारे बरेच घोडे वरातीत नाचवलेले असतात. पोटाला टाच किंवा पोटरी लागली की ते जागच्या जागी पाय आपटायला लागतात, कारण त्यांना तेच शिकवलंय. अर्ध्या मांडीत सुरुवातीला पोटरी इकडंतिकडं हलणारच, आणि तुमचा घोडा नाचायला लागला तर तुमचं काळीज कुठं जाईल सांगायला नको. दुसरे रवाल चालीचे घोडे. त्यांच्यावर बसायला सुख असतं, यात्रेत किंमतही चालीचीच होते. पण रवालीत हिसका जवळपास नसतोच, म्हणून पायांना शिकायला काही मिळत नाही. तुम्हाला हवा साध्या दुडकीचा, वयानं पोक्त, कंटाळलेला म्हटलं तरी चालेल असा घोडा. ज्या घोडीवरून पडलात ती शांत असेल तर तिच्यावरच शिका, पण 'तिच्यावरच बसून भीती मोडायची' असा हट्ट नको.

खोगीर बघा. पुढं उंच उठलेलं, नक्षीचं, जाड गादीचं खोगीर या कामाला चालत नाही. उठून पुढं आलात की त्याचा उंचवटा पोटाला टोचतो. सपाटसं, गुडघ्याला टेकायला थोडी गादी असलेलं खोगीर हवं. रिकिबीचा पट्टा नेहमीपेक्षा दोन भोकं आखूड. पायाचा चवडा रिकिबीत, तळव्याचा मधला भाग नाही. बुटाला छोटी टाच असू द्या म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाणार नाही. चपला, स्पोर्ट्स शूज अजिबात नको. डोक्याला हनुवटीखाली पट्टा असलेलं घोडेस्वारीचं हेल्मेट, आणि पडलात तेव्हा ते आपटलं असेल तर वरून चांगलं दिसत असलं तरी बदला. आतलं आवरण एकदा दबलं की पुन्हा तितकं काम देत नाही. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, बसण्याआधी एकदा आणि दहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचा. घोडं सामान चढवताना पोट फुगवतं हे तुम्हाला माहीत असेलच.

आणखी एक वस्तू लागते: गळ्यातला पट्टा. जुन्या रिकिबीचा पट्टा घोड्याच्या मानेच्या बुडाशी सैलसर बांधायचा. तो तुमचा धरायचा दांडा. हौसेनं घातलेला गोंड्यांचा किंवा कवड्यांचा पट्टा धरायचा नाही, तो तुटतो. पट्टा नसला तर आयाळ धरा. आयाळ धरणं कमीपणाचं आहे असं काही शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. मूठभर आयाळ धरली तर घोड्याला काही होत नाही, लगाम ओढला तर होतं. आणि आपल्याकडं अजून काही लोक काटे असलेले लगाम वापरतात. तुमच्या घोडीच्या तोंडात तसला असेल तर पहिलं काम तो बदलून घेणं.

आता प्रत्यक्ष मांड. घोडं उभं, कुणीतरी तोंडाशी धरलेलं. दोन्ही हात आयाळीत, खोगिराच्या पुढं वीतभर अंतरावर. आता खुब्यातून घडी घाला, कंबरेतून वाकू नका. नितंब थोडे मागं आणि वर जातात, छाती थोडी पुढं येते, पाठ सपाट राहते. खोगीर आणि तुमच्यात तळहात सरकेल एवढीच जागा. बहुतेक जण इथं गडबडतात: रिकिबीत ताठ उभे राहतात. गुडघे सरळ झाले की हिसका जिरवायला काही उरत नाही, घोडं एक पाऊल टाकतं आणि माणूस धपकन मागं बसतो.

टाचांचं नीट ऐका. 'टाचा खाली, टाचा खाली' असं ओरडून सांगितलं की शिकणारा टाच जोरानं खाली रेटतो, गुडघा ताठ होतो, पाय पुढं जातो. टाच रेटायची नसते. मांडीतून, गुडघ्याच्या आतून, पोटरीतून वजन खाली सोडायचं, घोटा सैल ठेवायचा, टाच आपोआप खाली जाते. तुम्ही लहानपणापासून उकिडवं बसत आला असाल तर घोटा तुमचा मोकळाच असणार. शहरातल्या मुलांना याच गोष्टीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घरी सराव करायचा तर पायरीच्या कडेवर चवडे ठेवा, भिंतीला हात, टाचा हळू खाली सोडा आणि तिथंच गुडघे थोडे वाकवून खुब्यातून घडी घाला. पोटऱ्या ताणल्या जातील, ते चालतं. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

मांड बरोबर आहे का ते ओळखायची सोपी परीक्षा आहे. समजा घोडा अचानक खालून नाहीसा झाला, तर तुम्ही कशावर पडाल? पायांवर उभ्या राहिलात तर बरोबर. नाकावर पडणार असाल तर पोटरी मागं गेलीय. बुडावर पडणार असाल तर पाय पुढं गेलाय. सरांना बाजूनं फोटो काढायला सांगा, खांदा-गुडघा-चवडा यांचा अंदाज लगेच येतो.

उभ्या घोड्यावर जमलं की कदम चालीत, म्हणजे घोडं नुसतं चालत असताना. दहा पावलं अर्ध्या मांडीत, मग हळूच, न आदळता, खोगिरात बसायचं, पुन्हा दहा पावलं. माझ्या मते यातली खरी गोम 'हळूच बसायचं' इथं आहे. नुसतं उठून राहणं कुणालाही जमतं. मनात आलं की उठायचं, मनात आलं की बसायचं, आणि दोन्ही वेळा लगाम हलू द्यायचा नाही, हे जमलं की 'आता काही झालं तर' ही धाकधूक कमी होते, कारण काही झालं तर काय करायचं ते पायांना ठाऊक असतं.

दुडकी सुरुवातीला कावा देतानाच करा, म्हणजे सरांच्या हातात लांब दोरी, घोडं गोल फिरतंय, वेगाची काळजी सरांची. तुमचे दोन्ही हात गळपट्ट्यावर, लगामाला गाठ मारून मानेवर सोडलेला. लगाम हातातच नसला की लोंबकळायची सवय आपोआप मोडते. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत मांड्या भरून येतात. भरून आल्या की बसा, कदम चालीवर या. दमलेल्या पायांनी केलेल्या फेऱ्यांतून फक्त गुडघे आवळायची सवय लागते. दुसऱ्या दिवशी मांडीचा वरचा भाग आणि पोटऱ्या दुखल्या तर ठीक. गुडघ्याची आतली बाजू दुखली तर तुम्ही गुडघ्यानं खोगीर दाबताय. कंबर दुखली तर पाठ पोकळ करताय.

त्यानंतर जमिनीवर बल्ली, म्हणजे घोड्याच्या वाटेत आडवा टाकलेला लांब वासा. एक बल्ली कदम चालीत ओलांडा, मग दुडकीत. मग एकदम तीन किंवा चार, दोन कधीच नाही, कारण दोन बल्ल्या दिसल्या की काही घोडी दोन्ही मिळून एक उडी मारतात. दुडकीसाठी दोन बल्ल्यांमध्ये साधारण 1.2 ते 1.3 मीटर अंतर, तट्टू असेल तर त्याच्या पावलाप्रमाणं कमी. आपल्याकडं निलगिरीचे वासे किंवा बांबू वापरतात. ते गोल असतात, पाय पडला की घरंगळतात. दोन्ही बाजूंनी माती लावून घट्ट करा. बल्लीवर घोडं पाय उंच उचलतं, पाठ वर येते, मान खाली-पुढं जाते, म्हणजे तुमच्या त्या अडखळण्याचीच बारीक, ठरवून केलेली आवृत्ती. तुमच्यासाठी हा टप्पा सगळ्यात कामाचा आहे. मान खाली जाते तेव्हा हात तिच्याबरोबर जाऊ द्यायचे आणि पाय जागेवर ठेवायचे. हे पुन्हापुन्हा केलं की शरीराला 'मान गेली म्हणजे मी गेले' असं वाटणं थांबतं.

दौडीची घाई नको. सर म्हणाले तरी नको. दौड तुमची तुम्ही मागाल तेव्हा.

भीतीचं एक शारीरिक लक्षण म्हणजे श्वास रोखणं. 'श्वास घ्या' म्हटलं की माणूस आणखी आखडतो, म्हणून मी पाढे म्हणायला लावतो, मोठ्यानं. तेराचा पाढा म्हणत दुडकी करणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला तर तोंडपाठ असणार. चुकलात की समजायचं, अंग आखडलं.

ही मांड कधी नको तेही सांगतो. घोडं मागचे पाय झाडायला लागलं, जागच्या जागी बिथरलं, एकदम थांबण्याच्या बेतात आलं, तर खोगिरात खोल बसा, खांदे मागं, पाय थोडे पुढं. थांबवताना, वेग कमी करतानाही बसूनच. भीतीनं पुढं गोळा होऊन मानेला चिकटणं आणि अर्धी मांड हे लांबून सारखं दिसतं, पण गोळा झालेल्या माणसाची नजर खाली आणि टाच वर असते. शंका आली की नजर घोड्याच्या दोन कानांमधून समोरच्या बाभळीवर किंवा विजेच्या खांबावर लावा, निम्मं काम होतं.

जमिनीबद्दल थोडं. काळं रान घोड्याला फार कमी दिवस बरं असतं. पावसात पाय रुततो, नांगरल्यावर ढेकळं, आणि उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की खूर आत जातो. मुरमाड माळ किंवा तुडवलेली पांदण धरा. सोयाबीन काढलेलं रान वरून सपाट दिसतं, पण कापलेल्या खोडांचे टोकदार सड असतात. ऊसतोडीच्या दिवसांत मोठमोठ्यानं गाणी लावलेले ट्रॅक्टर-ट्रेलर येतात, ते दिसले की उतरून घोडं बाजूला घ्या. यात कसलीही लाज नाही. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आधी आटपा, नाहीतर राहू द्या.

माळेगावचं. लोहा तालुक्यातली ती खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, घोड्यांचा बाजार पाहण्यासारखा असतो, जरूर जा. घ्यायला मात्र यंदा जाऊ नका. आता तुमच्या मनात भीती आहे, आणि भ्यालेला माणूस एक तर फार गरीब दिसणारं, आजारी घोडं घेतो, नाहीतर इरेला पेटून देखणं, नाचणारं. बल्ल्यांवरून दुडकी पाढे न चुकता जमायला लागली की पुढच्या मार्गशीर्षात बघू.

जाल तेव्हा ढोल-ताशाजवळ नाचवून दाखवलेल्या घोड्यावर भाळू नका. विकणाऱ्याला म्हणा, गर्दीतून बाहेर घ्या, ढिल्या लगामानं सरळ चालवा, थांबवा, एक मिनिट उभं करा. जे घोडं एक मिनिट उभं राहत नाही ते तुमचं नाही. वजनाचा हिशेब करा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं असं साधारण मानतात. 300 किलोच्या तट्टावर सामानासकट 60 किलो झाले की संपलं. दात बघून वय सांगणारा जाणकार आणि जमलं तर जनावरांचा डॉक्टर बरोबर न्या. आणि किमतीचं बोलणं सुरू करण्याआधी स्वतः ओठ उचलून तोंडाचे कोपरे बघा. तिथं पांढरे वण किंवा कडक गाठी दिसल्या तर त्या तोंडात बरीच ओढाताण झालेली असते, आणि तुमच्यासारख्या नुकत्याच सावरलेल्या स्वारानं ते घोडं घेऊ नये.